आखूड पट्टा

“कुनाचाच इस्वास बसनार नाय,” असं म्हणत हैदरभाईंनी भिंतीवरच्या बास गिटारवरचं लाल फडकं जादूगारासारखं ओढून काढलं. फडक्यातली धूळ समोरच्या दोघांच्या नाकात गेली. “तुमचा तर नायच बसनार. तुमी मोबाईलवाली पोरं. पन ह्या बासनं पाचोडच्या विहिरीला पानी लावलंय. आन वाजवनारा तुमच्यापुढं हुबा हाय.”

मिहिरला शिंक आली. नीरजाला आली नाही. ती मान वर करून त्या बासकडं पाहत राहिली.

अर्ध्या तासापूर्वी ही दोघं पैठण गेटाजवळच्या या दुकानात शिरली, तेव्हा मामला अगदी साधा होता. नीरजा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती आणि मिहिरच्या बँडमध्ये बास वाजवायची. रविवारी जालना रोडवरच्या नव्या मॉलात बँडांची स्पर्धा होती. आजवर ती कुणाचा तरी उसना बास वाजवत आली होती आणि त्याच्यावर तिचा हात पुरत नव्हता. दर तिसऱ्या सुराला तार खरखरायची. मिहिरनं तिला सांगून ठेवलं होतं, हाताला बसेल असा बास मिळाला तर ठीक, नाहीतर रविवारी सुयश वाजवेल. सुयश सहा फुटी होता. बास शिकून त्याला दोन महिने झाले होते, पण त्याचा हात मानेवर असा फिरे की बघणाऱ्याला वाटावं, झाडावरून पेरू तोडतोय.

दुकान शोधून काढलं होतं मिहिरनंच. तो तिला बास मिळावा म्हणून आला होता की मिळू नये म्हणून, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. त्याला स्वतःला तरी ते माहीत होतं का, कोण जाणे.

हैदरभाईंनी आधी दुकानदारी इमानानं केली होती. “वीत टाक,” म्हणाले. नीरजानं काउंटरच्या काचेवर पंजा ताणून ठेवला. त्यांनी शेजारी आपला ठेवला. तिची वीत त्यांच्या वितीपेक्षा चांगली तीन बोटं कमी भरली. मग त्यांनी तिच्या मांडीवर एक काळा, वजनदार बास दिला. तो जमला नाही, तेव्हा बारीक मानेचा, हलका दिला. पण मान बारीक असली तरी लांबी तीच, चौतीस इंची. मानेवर आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरांपैकी पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचं अंतर काही मान बारीक केल्यानं कमी होत नाही.

“पैलं बोट पैल्या घरात, करंगळी चौथ्यात. हां, तान. अजून.”

तिनं ताणलं. तिच्या मनगटाची शीर वर आली, अनामिका उचलली गेली आणि तार खरखरली. मिहिर रस्त्यावरून जाणाऱ्या पाण्याच्या टँकरकडं पाहत होता. टँकरकडं पाहतच तो म्हणाला, “बघ.”

एवढंच. नीरजानं ओठ आवळले आणि पुन्हा ताणलं. पुन्हा तेच.

“चाचा, खरं सांगा,” मिहिर म्हणाला, “हात लहान असेल तर बास जमत नाही ना?”

याचं खरं उत्तर हैदरभाईंना ठाऊक होतं. ते त्यांनी मागं एक-दोघांना दिलंही होतं. पण नेमक्या त्याच वेळी नीरजाची नजर भिंतीवर गेली. तिथं लाल फडक्याखाली काहीतरी टांगलेलं होतं आणि फडक्याबाहेर नुसत्या चार खुंट्या दिसत होत्या.

“तो आखूड मानेचा आहे का?” तिनं विचारलं.

नुसत्या फडक्यावरून ओळखणारं गिऱ्हाईक गेल्या कित्येक वर्षांत आलेलं नव्हतं. येणारे लग्नाच्या बँडसाठी ढोलाची कातडी मागत, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी की-बोर्ड भाड्यानं मागत. हैदरभाईंनी सवयीनं सांगितलं, तो विकायचा नाय. ती म्हणाली, विकत नको, नुसता बघते. आणि असं कुणी म्हटलं की हैदरभाईंच्या घशात गोष्ट येऊन बसायची. ती खाली जात नसे, बाहेरच यावी लागे.

तसं ते दुकान गोष्टींवरच उभं होतं. एके काळी ते सोळा फूट खोल होतं. रस्ता रुंद झाला त्यात पुढचे आठ फूट गेले. पाटीही कापावी लागली. ‘हैदर म्युझिकल्स’चं ‘हैदर म्युझिक’ झालं आणि तेच जास्त भारदस्त दिसतं, असं हैदरभाई सगळ्यांना सांगत. उरलेल्या आठ फुटांच्या मागं छिटाचा पडदा होता. पडद्यामागं दुरुस्तीचं टेबल, त्यामागं घर. दुरुस्ती करायची आबेदाचाची, हैदरभाईंची बायको. पेटीच्या पट्ट्या, अँपच्या वायरी, गिटारच्या पोटातलं तांब्याचं वेटोळं, जिथं हैदरभाईंची बोटं शिरत नसत तिथं तिची शिरायची. गिऱ्हाइकाला पडद्याआडून सोल्डरिंगच्या डागणीचा चर्र आवाज येई, जळक्या राळेचा वास येई, आणि मग हैदरभाई दुरुस्त झालेला नग घेऊन बाहेर येत आणि म्हणत, “लई डोकं खाल्लं ह्यानं माझं.”

आज डागणी बंद होती. जायकवाडीत नुसता गाळ उरला होता, शहराला सहाव्या दिवशी पाणी येई, आणि आज सहावा दिवस होता. पडद्यामागं पिंप भरण्याचा आवाज चालला होता. पिंप भरत येतं तसा पाण्याचा सूर चढत जातो. आबेदाचाची त्या सुरावर नळ फिरवायची. डोकावून बघायची नाही. चार पिंपं, दोन बादल्या, आणि फरशीवर एक थेंब नाही.

“बहात्तरचं साल,” हैदरभाई म्हणाले आणि स्टुलावर बसले. “तुमचे आईबाप बी पाळन्यात नव्हते. आत्ताचा ह्यो दुष्काळ म्हंजे त्याचं धाकटं भावंड. तवा गिधाडं सुद्धा जालन्याच्या स्टँडवर बसून मुंबईच्या गाडीची वाट बघायची.”

“गिधाडं?” मिहिर म्हणाला.

“तिकीट काढून.”

नीरजा हसली. हैदरभाईंना तेवढं पुरलं.

“आमचा नवबहार ऑर्केस्ट्रा. लग्नं बंद, उरूस बंद. आमी नुसतं वाद्यं पुसत बसायचो. तितक्यात पाचोडच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांचा सांगावा आला. गावची विहीर खोल करायचं काम चाललं होतं. दोन महिने मानसं खोदतायत, खाली नुसता काळा पाषान. लोक हातपाय गाळून बसले, कामावर येईनात. तर व्यापारी म्हनले, बाजाराच्या दिशी या आन वाजवा, मानसांना जरा हुरूप येऊ द्या.”

“किती खोल होती विहीर?” मिहिरनं विचारलं.

“शंभर हात.”

पडद्यामागं एक पिंप भरलं. नळ दुसऱ्या पिंपात वळला आणि सूर पुन्हा खाली आला.

“स्टेज कुठं? विहिरीच्या काठावर. कारन सावली तिथंच, एक लिंबाचं झाड. आन वीज कुठं? दिव्याच्या खांबावर. बांबूच्या टोकाला आकडा, आकड्याला वायर. पन वारं सुटलं की आकडा निसटायचा आन अँप मरायचा. म्हनून एक जन बांबू धरून खांबापाशी हुबा. दोन तास. उन्हात. हात असे.”

हैदरभाई उठले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांनी न दिसणारा बांबू धरला.

“दंडात गोळे आले त्याच्या. पायाला मुंग्या. नाकावर माशी बसली, तर उडवायला हात नाय. स्टेज बी दिसत नव्हता त्याला, लिंबाच्या बुंध्याआड होता. नुसतं ऐकायचा. त्याच्याबिगर एक सूर निघाला नसता, पोरांनो. आन टाळ्या पडल्या, तर वाजवायला बी त्याचा हात मोकळा नव्हता.”

हा बांबूवाला त्यांच्या गोष्टीत नेहमी असे. बाकीची गोष्ट बदलत राही. विहिरीची खोली साठ हातांवरून शंभरावर गेली होती, लिंबाचं कधी वड होई, श्रोते कुठले आहेत ते पाहून पाचोडचं एकदा लासूर स्टेशनही झालं होतं. पण बांबूवाल्याच्या नाकावरची माशी चव्वेचाळीस वर्षांत जागची हलली नव्हती.

“त्याचं नाव काय होतं?” नीरजानं विचारलं.

“कुनाचं?”

“बांबू धरलेल्याचं.”

हैदरभाईंचे हात अजून वरच होते. ते त्यांनी हळूच खाली घेतले. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारत ते पाण्याचं, किंवा मग ऑर्केस्ट्रात कोणकोण होतं त्याचं.

“नाव... असंल कायतरी. आता नाय आठवत. अशा मानसांची नावं कोन ध्यानात ठेवतं?” ते म्हणाले आणि घाईनं पुढं सरकले. “तर मी काय केलं? ही खर्जाची तार बघ, सगळ्यात जाड. ही मोकळी छेडली. एकच सूर. धूंऽऽ! पैल्या सुराला लिंबाचा पाला गळाला. दुसऱ्याला बाजारातल्या तराजूंची पारडी आपोआप वरखाली. व्यापारी घाबरले. आन तिसऱ्याला विहिरीच्या तळातनं आवाज आला. मला वाटलं, माझाच सूर परत येतोय. तर नाय! खाली दोघं जन उतरलेले होते. ते वरडले, पानी! पानी! वरनं दोर सोडायला टाइम नाय. पानी कमरेला, पानी गळ्याला, आन ती दोघं तरंगत तरंगत काठाला आली. आन वर येऊन काय म्हनले असतील?”

“काय?”

“म्हनले, थांबू नका भाऊ, वाजवा. अजून मळ्याला पुरंल एवढं येऊ द्या.”

मिहिर खदखदून हसला. “चाचा, एकदा कॉर्पोरेशनच्या टाकीपाशी येऊन वाजवा की.”

“बोलावत नायत,” हैदरभाई गंभीरपणे म्हणाले. “टँकरवाल्यांचं कसं व्हनार मग?”

गोष्ट अशी लागली की त्यांच्या अंगात वीस वर्षांचं पोर संचारे. बोलण्याच्या भरात त्या दुपारी आपण नेमके कुठं उभे होतो हे त्यांना स्वतःलाही जोर लावून आठवावं लागे. आणि तो जोर लावायचा त्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी सोडून दिला होता. पुढं ऑर्केस्ट्रा मोडला, निकाह झाला, दुकान निघालं. सगळं आपापल्या जागी थांबलं. वाढत गेली ती गोष्टच.

“खोटं वाटतं? हा बघा पुरावा.” त्यांनी बासखाली टांगलेला फोटो काढून काचेवर ठेवला. लिंबाखाली उभा असलेला उंच, सडपातळ हैदर. केसांचा फुगा, गळ्यात बास, तोंडावर हसू. चौकट लहान म्हणून फोटो एका बाजूनं कापलेला होता. कापलेल्या कडेला कुणाच्या तरी ओढणीचं टोक तेवढं राहून गेलं होतं.

नीरजानं फोटो उचलून उजेडात धरला.

“चाचा, बास इतका वर?”

“म्हंजे?”

“गळ्याशी आलाय तुमच्या. कोपर कुठं न्यायचं असं धरल्यावर?”

“तवा फ्याशनच तशी होती.”

फोटो ठेवून ती भिंतीशी गेली. टाचा उंचावून तिनं टांगलेल्या बासचा पट्टा बोटांत धरला. जुना, चामडी पट्टा. त्याला कमरेच्या पट्ट्यासारखं बकल. बकल अगदी शेवटच्या भोकात अडकवलेलं होतं. ते एकच भोक ताणून लांबट झालं होतं आणि तिथं चामड्याला कायमची घडी पडली होती. बाकीची सगळी भोकं कारागिरानं पाडली तशी गोल होती. नीरजानं एकेका भोकावरून बोट फिरवलं. मग मानेवर वीत टाकली. पहिल्या घरापासून चौथ्यापर्यंत तिची करंगळी अगदी सहज पोचली.

“मी वाजवून बघू?”

“बघ ना,” असं म्हणायला हैदरभाईंनी तोंड उघडलंही होतं. पण पोरीची नजर पट्ट्यावरून फोटोवर आणि फोटोवरून त्यांच्या सहा फुटी अंगावर आली, तेव्हा त्यांच्या घशात दुसरंच काहीतरी येऊन बसलं. सांगणाऱ्याला एक खोड असते. गोष्ट डळमळायला लागली की तो तिला नवा टेकू देतो.

“बेटा, तुझ्या भल्याचं सांगतो,” ते पुन्हा स्टुलावर बसत, आवाज उतरवून म्हणाले. “नाद सोड. आमच्या ऑर्केस्ट्रात बी एक पोरगी होती. हात अगदी तुझ्यासारखे, चिमनीएवढे. तिला बी हौस. मास्तरांनी दिला एकदा बास तिच्या हातात. तीन सूर वाजवले. चौथ्याला बोटं सोलली, डोळ्यात पानी. बास खाली ठेवला, आन परत जल्मात हात लावला नाय. रडली लई. मीच समजूत काढली तिची.”

ही गोष्ट हैदरभाईंनाही नवी होती. त्यांनी ती आपल्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली, आणि ऐकताना ती त्यांना आवडलीही. किती मऊ बसली होती ती! पोरगी दुखावणार नाही, बास भिंतीवरच राहील.

“ऐकलंस?” मिहिर म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. “मी तुला हेच सांगत होतो. यात वाईट काही नाही. तू की-बोर्डवर ये. सुयशला मी कळवतो.” त्यानं खिशातून फोन काढला.

“की-बोर्ड माझ्याकडं झकास हाय,” हैदरभाई म्हणाले.

नीरजानं पट्टा सोडला. आपला डावा पंजा उघडून ती त्याच्याकडं पाहत राहिली.

आणि तेव्हा तिघांच्याही एकदमच ध्यानात आलं, की पडद्यामागचा सूर चढत चढत बारीक झाला होता आणि तसाच राहिला होता. मग तोही गेला. नुसता पाणी सांडल्याचा आवाज येऊ लागला. पडद्याखालून पाण्याची एक जीभ आली, फरशीच्या सांध्यातून पुढं सरकली, हैदरभाईंच्या स्टुलाला वळसा घालून नीरजाच्या चपलांपर्यंत पोचली.

“आबेदा!” हैदरभाई ओरडले. “पानी जा रहा!”

नळ चालूच होता. सहाव्या दिवसाचं पाणी दुकानातून रस्त्याकडं चाललं होतं. बाहेर पायरीशी भाजी घेऊन बसलेल्या एका बाईनं चमकून आत पाहिलं.

“आबेदा! सुनती नहीं क्या?”

बऱ्याच वेळानं नळ बंद झाला. कुणी धावपळ केल्याचा आवाज आला नाही. पडदा बाजूला झाला आणि साठीची, ठेंगणी आबेदाचाची पदराला हात पुसत बाहेर आली. फरशीवरच्या पाण्याकडं तिनं पाहिलं नाही. हैदरभाईंकडंही नाही.

“ही आमची घरवाली,” हैदरभाई ओशाळं हसून म्हणाले. “कान जरा—”

तिनं त्यांच्याखालचं स्टूल ओढलं. त्यांना उठावं लागलं. स्टूल भिंतीशी लावून ती त्याच्यावर चढली, खिळ्यावरून बास काढला आणि छातीशी धरून खाली उतरली.

“अगं, तारा गंजल्यात त्याच्या.”

तारा गंजलेल्या नव्हत्या. इतकी वर्षं भिंतीवर टांगलेल्या बासच्या चारही तारा स्वच्छ होत्या. कुणीतरी त्या पुसत आलं होतं, बदलत आलं होतं. हैदरभाईंना ते आत्ता दिसलं. फडकं दर वेळी त्यांनीच काढलं होतं, पण त्याखालच्या तारांकडं कधी पाहिलं नव्हतं.

आबेदाचाचीनं पट्टा नीरजाच्या गळ्यात घातला. बकलाला हात लावला नाही. बास मुलीच्या पोटाशी येऊन असा बसला, जणू मापानं शिवलेला.

“अंगठा वर काढू नको,” ती म्हणाली. “मागं ने. मानेच्या मधोमध. मनगट सोड, बाई, किती आवळतीस? आता चार बोटं चार घरांवर ताननं बंद कर. तो लांब हातवाल्यांचा चोचला. तुजं पैलं बोट, मधलं बोट आन करंगळी, ही तीनच कामाची. अनामिका करंगळीच्या पाठीशी ठेव, तिला जोर द्यायला. तीनच घरं धर. चौथं लागलं, तर सगळा हात पुढं सरकव. हात लहान हाय ना? मग हात चालव. तानू नको.”

मिहिरनं सुयशचा नंबर लावला होता. पलीकडून सुयश “हॅलो, हॅलो” करत होता. मिहिरनं फोन कानाला लावला नाही.

नीरजानं तार दाबली आणि छेडली. खरखर नाही. खालचा, गोल, भरलेला सूर अँपशिवायच तिच्या बरगड्यांतून काउंटरमध्ये उतरला. काचेवर पाण्याचा स्टीलचा पेला होता. पाण्यावर बारीक वलयं उठली. ती पेल्याच्या कडेला जाऊन मोडली. तिनं हात सरकवला आणि पुढचा सूर घेतला. मग पुढचा.

“हां,” आबेदाचाची म्हणाली. “हे लांबवाले बी जमतील तुला, वर्षभर असा हात चालवलास तर. आखूडच लागतो असं काय नाय. पन रविवारला हा घेऊन जा.”

“अगं, तो विकायचा—”

“विकतंय कोन?”

हैदरभाईंच्या हातात लाल फडकं होतं, त्याची ते घडी घालू लागले, घडी जमेना.

“चाची, तुम्ही एकदा वाजवून दाखवा ना,” नीरजा म्हणाली.

आबेदाचाची जवळ गेली. मुलीच्या गळ्यात बास तसाच ठेवून तिनं आपला डावा हात मानेवर ठेवला. अंगठा बरोबर मागं, मधोमध जाऊन बसला. तिन्ही बोटं न बघता आपापल्या घरात गेली. पण बोटांचे सांधे सुपारीएवढे सुजलेले होते. वर्षानुवर्षं डागणी धरून, तांब्याची तार गुंडाळून बोटं वाकडी झाली होती. तिनं दाबलं. उजव्या हातानं छेडलं. तार खरखरली. तिनं आणखी जोर लावला. तार पुन्हा खरखरली. तिनं हात काढून घेतला आणि पदराखाली नेला.

“नाय दबत आता,” ती म्हणाली.

फरशीवरचं पाणी रस्त्याकडं जायचं थांबलं होतं. हैदरभाईंना वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे, काहीतरी हसण्यासारखं. गिधाडांचं, टँकरचं, कशाचंही. त्यांनी शोधलं. आजवर ज्या जागी हात घातला की काहीतरी लागायचंच, तिथं काही लागलं नाही. तेव्हा ते स्टुलाशेजारी जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून लाल फडकं रिकाम्या खिळ्यावर अडकवायचा प्रयत्न करू लागले.

“चाची,” नीरजानं विचारलं, “ती ऑर्केस्ट्रातली मुलगी. तिनं खरंच बास खाली ठेवला?”

“ठेवला, व्हय. दोन तास वाजवून झाल्यावर ठेवला. कुनीतरी म्हनलं, फोटोपुरता दे, म्हनून.”

नीरजानं काचेवरच्या फोटोकडं पाहिलं, ओढणीच्या टोकाकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. मिहिरला मात्र ते अवघडलेपण सोसेना. फोन खिशात घालत तो उगाच हसला.

“म्हणजे विहिरीचं पण सगळं खोटंच ना, चाची?”

आबेदाचाचीनं आता पहिल्यांदा नवऱ्याकडं पाहिलं. फडकं खिळ्याला अडकत नव्हतं. ते पाठमोरे, हात तसेच डोक्यावर धरून उभे होते आणि मागं वळत नव्हते.

“विहिरीचं खरं हाय, बाळा,” ती म्हणाली. “पानी लागलं होतं. मी वरनं बघितलंय. खोटं एवढंच, की त्या बांबूवाल्याचं नाव ह्यांना आठवत नाय.”